ध्वनीचा कोशकार

१९५८ साली न्यूयॉर्क शहरातील एका लहानशा कंपनीने उत्तर अमेरिकेतील बेडकांच्या आवाजांची एक ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली. चार्ल्स बोगर्ट या प्राणिशास्त्रज्ञाने सिद्ध केलेल्या त्या तबकडीत तळ्यांच्या आणि दलदलींच्या काठची, निरनिराळ्या जातींच्या बेडकांची साद एकामागून एक ऐकू येते, आणि कोणत्या जातीचा बेडूक कोणत्या प्रसंगी कसा ओरडतो याचे विवेचन बोगर्ट स्वतःच्या शांत, अध्यापकी स्वरात करीत जातो. असल्या तबकडीला वर्षाकाठी किती गिऱ्हाईक मिळेल याचा अंदाज बांधायला फारशी व्यापारी बुद्धी लागत नाही. आणि तरीही ती निघाल्यापासून आजतागायत मागेल त्याला मिळत आली आहे. लाखांनी खपलेल्या गाण्यांच्या तबकड्या पाचदहा वर्षांत दुर्मीळ होऊन जुन्या बाजारात धुंडाळाव्या लागत, त्या काळात बेडकांच्या या तबकडीला असे दीर्घायुष्य लाभावे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. आणि ती समजून घ्यायची तर ज्याने ती घडवून आणली त्या माणसाचा जमाखर्च आणि त्याचा हट्ट, दोन्ही जवळून पाहिले पाहिजेत.

कंपनीचे नाव फोकवेज आणि त्या माणसाचे नाव मोझेस आश. १९४८ पासून १९८६ पर्यंतच्या अडतीस वर्षांत त्याने २,१६८ ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केल्या, म्हणजे सरासरीने आठवड्याला एकीहून अधिक. हा आकडा मोठा आहेच. परंतु तो थोर ठरतो तो दुसऱ्याच कारणाने. ध्वनिमुद्रिकांच्या मोठ्या कंपन्यांचा व्यवहार सामान्यतः असा चालतो की दहा तबकड्या काढाव्यात, त्यांतली एखादी खपावी, तिच्या नफ्यातून उरलेल्या नवांची तूट भरून निघावी, आणि वर्षअखेरीस खतावणी तपासताना ज्यांची मागणी ठरावीक आकड्याखाली उतरली असेल त्यांची नावे सूचीतून खोडून त्यांचा साठा मोडीत काढावा. या खोडण्यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. कोठारातील जागेला भाडे पडते आणि पडून राहिलेला माल म्हणजे अडकून पडलेले भांडवल, एवढाच त्यामागचा हिशेब. आशने मात्र या एका गोष्टीला आयुष्यभर नकार दिला. एकदा सूचीत आलेले नाव त्याने खोडले नाही.

या हट्टाचे बीज कदाचित त्याच्या घरातच होते. मोझेसचा जन्म १९०५ साली वॉर्सा येथे झाला, आणि त्याचे वडील शोलेम आश हे यिद्दिश भाषेतील आपल्या काळचे एक अग्रगण्य कादंबरीकार आणि नाटककार होते. कुटुंब आधी पॅरिसला आणि पहिले महायुद्ध पेटल्यानंतर न्यूयॉर्कला गेले. पित्याच्या वाट्याला शब्दांचे जग आले होते; मुलाचा जीव तारा, गुंडाळ्या आणि निर्वात नळ्या यांत रमला. तरुणपणी जर्मनीत जाऊन त्याने विद्युत्शास्त्राचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर रेडिओची यंत्रे दुरुस्त करणे, नाटकगृहांत व सभांतून ध्वनिवर्धक बसवणे, नभोवाणी केंद्रांना सामग्री पुरवणे यांवर पोट भरले. यिद्दिश कार्यक्रम प्रसारित करणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका केंद्राशी याच कामानिमित्त त्याचा संबंध आला, आणि अशा केंद्रांना लागणाऱ्या तबकड्या कोणीच काढीत नाही हे पाहून तो ध्वनिमुद्रणाकडे वळला. वडिलांबरोबर प्रिन्स्टनला जाऊन त्याने अल्बर्ट आइन्स्टाइन यांचे भाषण मुद्रित केले, आणि मानवजातीचे आवाज जतन करण्याचे हे काम सोडू नकोस असे त्या थोर पुरुषाने आपल्याला सांगितले, ही हकीकत आश पुढे अनेकांना सांगत असे.

१९४१ साली त्याने लेडबेली या नावाने विख्यात असलेला कृष्णवर्णी गायक हडी लेडबेटर याने गायलेल्या मुलांच्या खेळगाण्यांचा संच काढला. लेडबेलीने टेक्ससच्या तुरुंगात खुनाच्या गुन्ह्याची शिक्षा भोगली होती. अशा माणसाची गाणी मुलांच्या कानी घालावीत काय, असा गिल्ला वृत्तपत्रांतून झाला. ज्यांनी तो केला त्यांनी ती गाणी ऐकली असती तर त्यांना दिसले असते की अंगणात फेर धरून नाचणाऱ्या पोरांशी इतक्या सहजपणे बोलणारा दुसरा आवाज त्या काळच्या अमेरिकेत शोधूनही सापडणे कठीण होते. आशने संच मागे घेतला नाही. कलावंताचे चारित्र्य, त्याचा वर्ण किंवा त्याचे राजकारण यांची चौकशी ध्वनिमुद्रण-कक्षाच्या दाराशी करायची नाही, हा त्याचा शिरस्ता येथूनच सुरू झाला.

पुढच्याच वर्षी या धंद्यावर जे संकट आले त्याचे मूळ आपल्या देशात होते. त्या काळची तबकडी लाखेची असे. छोटानागपूरच्या रानात पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर एक चिमुकला कीटक जो राळेसारखा स्राव सोडतो तो खरवडून, धुऊन, वितळवून त्याचा चपडा करीत; हा चपडा कलकत्त्याच्या बंदरातून जगभर जाई, आणि दगडाची बारीक पूड व काजळी यांच्याशी त्याचे मिश्रण करून, तापवून, ठशांच्या मध्ये दाबले की तबकडी तयार होई. म्हणजे न्यूयॉर्कमध्ये कोणी गाणे गायले तरी त्याला देह मिळायचा तो रांची-पलामूच्या आदिवासींनी तोडलेल्या फांद्यांतून. महायुद्धात जपानने पूर्वेकडील सागरी मार्ग असुरक्षित केल्यावर आणि लाख युद्धसामग्रीसाठीही लागू लागल्यावर अमेरिकन सरकारने १९४२ साली हुकूम काढून तबकड्यांसाठी लाख वापरण्यावर सत्तर टक्क्यांची कपात लादली. कपात गतवर्षीच्या वापराच्या प्रमाणात असल्यामुळे जुन्या, मोठ्या कंपन्यांच्या वाट्याला कोटा तरी आला. ज्याचा गतवर्षीचा वापरच नगण्य त्याला मिळणार काय? अखेर लाखेचा साठा हाती असलेल्या स्टिन्सन या व्यापारी पेढीशी आशला भागीदारी करावी लागली. ती पुढे मोडली, आणि कोणत्या मुद्रणावर कोणाचा हक्क हा तंटा मागे राहिला. लहान प्रकाशकाचे स्वातंत्र्य कच्च्या मालाच्या एका धाग्याला कसे टांगलेले असते, हे त्या तंट्याच्या कागदपत्रांइतके स्पष्ट क्वचितच कोठे दिसेल.

याच टंचाईच्या काळात, १९४४ च्या वसंतात, व्यापारी जहाजावर खलाशी म्हणून काम करणारा वुडी गथ्री हा गायक आपला मित्र सिस्को ह्यूस्टन याला घेऊन आशच्या लहानशा कक्षात आला. फिती तेव्हा प्रचारात नव्हत्या. रोगणाचा लेप दिलेल्या कोऱ्या तबकडीवर सुई प्रत्यक्ष गाता गाताच खाच कोरीत जाई, आणि गाणाऱ्याचा स्वर चुकला, खोकला आला, तार तुटली तर ती तबकडी वाया जाई. अशा परिस्थितीत त्या एका महिन्यात गथ्रीने आणि त्याच्या साथीदारांनी शंभराहून अधिक गाणी मुद्रित केली, आणि अमेरिकेची शाळकरी मुले आज जे गाणे राष्ट्रगीताच्या बरोबरीने म्हणतात ते ‘धिस लँड इज युवर लँड’ प्रथम मुद्रित झाले ते याच बैठकींत. ते बाजारात आले मात्र काही वर्षांनी. अमुक गाणे विकले जाईल म्हणून आशने ते घेतले नाही. एक माणूस गाण्यांनी भरून आला आहे, तो पुन्हा जहाजावर जाईल, कदाचित परतणारही नाही, तेव्हा आहे ते सगळे उतरवून घ्यावे, एवढाच विचार त्यामागे दिसतो.

युद्ध संपल्यावर आशने ‘डिस्क’ या नावाने नवी कंपनी काढली, आणि येथे त्याच्या हातून ती चूक झाली जी लहान कंपन्यांच्या इतिहासात वारंवार आढळते. जॅझच्या नामांकित वादकांच्या तबकड्या काढून मोठ्यांच्या बाजारात उतरण्याचा त्याने प्रयत्न केला. बाहेरच्या माणसाला वाटते की लहान कंपनी बुडते ती माल खपत नाही म्हणून. पुष्कळदा ती बुडते ती माल खपू लागतो म्हणून. एखाद्या तबकडीची मागणी एकाएकी वाढली की कारखान्याकडून हजारो प्रती दाबून घ्याव्या लागतात आणि कारखानदार रोख मागतो. माल वितरकाकडे जातो उधारीवर, आणि वितरकाचे पैसे महिनोन्‌महिने येत नाहीत, आले तरी पुरते येत नाहीत, कारण न खपलेल्या प्रती परत पाठवण्याचा हक्क त्याला असतो. देणे आजचे आणि येणे सहा महिन्यांनंतरचे, या दोहोंमधील दरी भरून काढण्याइतके भांडवल मोठ्या कंपनीपाशी असते, लहान कंपनीपाशी नसते. १९४८ पर्यंत डिस्क कंपनीचे दिवाळे निघाले आणि आशवर नादारी पत्करण्याची पाळी आली.

त्याच वर्षी फोकवेजचा जन्म झाला. नादार माणसाला स्वतःच्या नावाने नवा व्यवहार उभा करता येईना, म्हणून कंपनी निघाली ती त्याची सहकारी मॅरियन डिस्टलर हिच्या नावाने, आणि आश कागदोपत्री तिचा नोकर झाला. या बाईविषयी लिहिणाऱ्यांनी फार थोडे लिहिले आहे, याची मला खंत वाटते. पत्रव्यवहार, मागण्या, बिले, कारखान्याशी तगादा हा सगळा दप्तराचा गाडा १९६४ साली मृत्यू येईपर्यंत तिने ओढला. आणि दोन माणसांच्या कचेरीतून आठवड्याला एक ध्वनिमुद्रिका बाहेर पडते तेव्हा दुसरे माणूस पहिल्याहून कमी महत्त्वाचे असणे शक्य नसते.

काळही अनुकूल झाला. १९४८ च्या जूनमध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला सव्वातेहतीस नव्हे तर नेमके तेहतीस पूर्णांक एक तृतीयांश फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली. जुन्या तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटे मावत. हिच्यावर वीस मिनिटे आणि त्याहून अधिक. तीन मिनिटांत गाणे बसते. लग्नविधी, कवीचे काव्यवाचन, रानातील पहाट बसत नाही. त्यातच चुंबकीय फितीवरील ध्वनिमुद्रण सुलभ झाले, आणि कोणीही ध्येयवेडा अभ्यासक एक जड पेटी उचलून हैतीला, आफ्रिकेला किंवा आपल्याच शेजारच्या खोलीत जाऊन ध्वनी टिपू लागला. फ्रेडरिक रॅमसे याने १९४८ च्या शरद ऋतूत लेडबेलीला घरी जेवायला बोलावून अशाच एका यंत्रापुढे गाते केले. गाणे, त्याची आठवण, पुन्हा गाणे, असे काही रात्री चालले, आणि पुढच्या वर्षी लेडबेली वारल्यावर ती मुद्रणे त्याची अखेरची ठेव म्हणून फोकवेजने काढली. त्याच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच त्याचे ‘गुडनाइट आयरीन’ दुसऱ्या एका गायकवृंदाने एका मोठ्या कंपनीसाठी गायले आणि ते साऱ्या देशात पहिल्या क्रमांकावर गेले. ज्याने आयुष्यभर ते गायले त्याला ते यश पाहायला मिळाले नाही.

डिस्कच्या अपयशातून आशने घेतलेला धडा असा की पुन्हा कधीही एका तबकडीवर सर्वस्व पणाला लावायचे नाही. फोकवेजची सारी व्यवस्था लहान आवाक्यावर रचलेली होती. पहिल्या खेपेस काही शंभर प्रती, आणि कित्येकदा त्याहूनही कमी, दाबून घ्यायच्या. त्या संपत आल्या की पुन्हा तेवढ्याच. छपाई ही थोड्या प्रतींना महाग आणि अधिक प्रतींना स्वस्त पडते, म्हणून वेष्टणाचा कागद मात्र एकदाच पुष्कळ छापून ठेवायचा आणि जाड काळ्या पुठ्ठ्याच्या कोऱ्या पाकिटांवर लागेल तसा चिकटवायचा. हे अर्ध्या पुठ्ठ्यावर गुंडाळलेले, एकदोन रंगांत छापलेले वेष्टण ही काटकसरीतून जन्मलेली वस्तू. पण रॉनल्ड क्लाइन या चित्रकाराने पाचशेहून अधिक वेष्टणे रचताना त्या मर्यादेतूनच असे संयत सौंदर्य निर्माण केले की फोकवेजची तबकडी दुकानाच्या दारातून ओळखू येई. प्रत्येक पाकिटात एक पुस्तिका असे, तीत गाण्यांचे शब्द, भाषांतर, विधींचे वर्णन, वाद्यांची माहिती. ही पुस्तिका हेच विक्रीचे खरे साधन होते. कारण आशचे गिऱ्हाईक रस्त्यावरून जाणारा रसिक नव्हता. तो होता ग्रंथपाल, शाळामास्तर, महाविद्यालयातील मानववंशशास्त्राचा प्राध्यापक. असा ग्राहक किमतीत घासाघीस करीत नाही, माल परत पाठवीत नाही, आणि आज घेतलेली तबकडी झिजली की दहा वर्षांनी तीच पुन्हा मागवतो. दहा वर्षांनी ती मिळाली पाहिजे, ही त्याची अपेक्षा. म्हणजे सूचीतून काहीही न खोडण्याचा जो हट्ट वरवर भाबडा दिसतो, तोच या धंद्याचा पाया होता: प्रत्येक तबकडी वर्षाला पंचवीस-पन्नास खपली तरी चालेल, पण अशा तबकड्या हजार असाव्यात आणि हजारही नित्य उपलब्ध असाव्यात.

आपण केवळ तबकड्या काढीत नसून ध्वनीचा कोश रचीत आहोत, असे आश सांगत असे, आणि एखादे अक्षर दुसऱ्याहून कमी वापरात आहे म्हणून कोणी ते शब्दकोशातून काढून टाकीत नाही, हा त्याचा आवडता दाखला होता. आपल्याकडे ‘ङ’ आणि ‘ञ’ यांनी आरंभ होणारा एकही शब्द मराठी मूल कधी लिहीत नाही. तरी ती दोन्ही अक्षरे त्याच्या पाटीवर असतात, आणि ती नसती तर वर्णमालेची रचनाच विस्कळीत झाली असती. कोशकाराची ही दृष्टी महाराष्ट्राला अनोळखी नाही. डॉ. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले तेव्हा त्यांनाही मंडळी स्थापावी लागली, वर्गणीदार जमवण्यासाठी वणवण करावी लागली, आणि कोणता खंड खपेल या प्रश्नाचा त्यांच्या योजनेत प्रवेशच नव्हता.

म्हणून फोकवेजची सूची वाचणे हाच एक आनंद आहे. हॅरल्ड कुर्लँडरच्या देखरेखीखाली निघालेली जगातील जनसमूहांच्या संगीताची मालिका तीत आहे. अलाँ दानिएलू यांनी भारतात टिपलेले धार्मिक संगीत आहे. लँगस्टन ह्यूज आपल्या कविता वाचतो आहे. पाच तारांचा बँजो कसा वाजवावा हे पीट सीगर शिकवतो आहे. एला जेंकिन्स मुलांना एक ओळ देते आणि मुले ती परत करतात. भंगारखान्यातील आवाज आहेत, कचेरीतील टंकयंत्रांचे आवाज आहेत, आणि घशातील स्वरयंत्र शस्त्रक्रियेने काढून टाकल्यावर माणूस पुन्हा बोलायला कसा शिकतो हे ऐकवणारी एक तबकडीही आहे. या शेवटच्या तबकडीची काही लोक गंमत म्हणून चर्चा करतात, याचे मला वाईट वाटते. ज्या रुग्णाला आपला आवाज कायमचा गेला असे वाटते, त्याला आणि त्याच्यावर उपचार करणाऱ्याला ती किती मोलाची असेल! पन्नास माणसांना अत्यंत गरजेची असलेली वस्तू काढायला कोणीतरी तयार असावे लागते.

या सर्वांत ज्या एका संचाने पुढच्या संगीताची दिशा पालटली तो १९५२ साली निघाला. हॅरी स्मिथ हा निष्कांचन, लहरी, विलक्षण स्मरणशक्तीचा चित्रकार आपल्याजवळच्या जुन्या तबकड्यांचा संग्रह विकायला आशकडे आला होता. आशने त्याला सुचवले की विकण्याऐवजी निवड कर. मग १९२७ ते १९३२ या वर्षांत, म्हणजे विद्युत्-ध्वनिमुद्रण रुळल्यापासून महामंदीने हा व्यापार मोडेपर्यंत, मोठ्या कंपन्यांनी दक्षिणेतील खेडुतांसाठी काढलेल्या आणि नंतर विसरलेल्या तबकड्यांतून स्मिथने चौऱ्याऐंशी गाणी निवडली, त्यांचे पोवाडे, सामाजिक संगीत आणि गीते असे तीन भाग केले, आणि कोणता गायक गोरा आणि कोणता काळा याचा उल्लेख जाणूनबुजून टाळला. ज्या देशात या दोघांच्या तबकड्यांच्या सूचीही त्या काळी वेगळ्या छापल्या जात, तेथे हे मौन फार बोलके होते. सहा दीर्घ तबकड्यांचा हा संच महाग होता आणि सुरुवातीला तो थोडक्यांच्याच घरी गेला. पण ते थोडके कोण होते? पुढील दशकात ज्यांनी हाती गिटार घेतली त्यांतले कितीतरी तरुण हा संच पाठ करून मोठे झाले. त्या संचात मिसिसिपी जॉन हर्ट याची दोन गाणी होती. १९२८ नंतर त्याचे एकही मुद्रण झाले नव्हते, तो हयात असेल अशी कोणाची कल्पनाही नव्हती. १९६३ साली एका गाण्यातील गावाच्या नावावरून शोध घेत काही तरुण ॲव्हलॉन येथे पोहोचले तेव्हा तो सत्तरीचा म्हातारा तेथेच, शेतावर राबत होता. त्याच उन्हाळ्यात तो न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो श्रोत्यांपुढे गायला.

या संचातील मुद्रणांचे मालक दुसरे होते आणि त्यांची रीतसर परवानगी आशने घेतलेली नव्हती, हे लपवण्याचे कारण नाही. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने ध्वनिमुद्रणाला स्वतंत्र संरक्षण दिले ते १९७२ च्या फेब्रुवारीत. तोवर हा प्रदेश बराचसा संदिग्ध होता. आशची भूमिका अशी की जो मालक आपला ठेवा कुलपात टाकून विसरतो त्याने लोकांचा ऐकण्याचा हक्क हिरावलेला असतो. ही भूमिका कायद्याला मान्य होण्यासारखी नाही. परंतु तो संच निघाला नसता तर त्यातील अर्धे आवाज आज कोणाच्याही कानी पडले नसते, हेही तितकेच खरे.

कंपनी लहान असण्याचा आणखी एक उपयोग १९५० नंतरच्या दशकात दिसून आला. कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून कलावंतांना बहिष्कृत करण्याची लाट तेव्हा अमेरिकेत उसळली होती. पीट सीगरला १९५५ साली लोकप्रतिनिधींच्या चौकशी समितीपुढे उभे करण्यात आले. त्याने आपल्या मतांविषयी उत्तर देण्याचे नाकारले, त्याच्यावर खटला झाला, १९६१ साली तो दोषी ठरला आणि पुढल्या वर्षी वरिष्ठ न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. या सगळ्या काळात नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांची दारे त्याला बंद होती. फोकवेजने मात्र त्याच्या तबकड्या डझनांनी काढल्या. मोठ्या कंपनीला जाहिरातदार असतात, भागधारक असतात, नभोवाणीची मर्जी राखावी लागते. ज्याला यांपैकी कोणीच नाही, ज्याचा माल टपालाने ग्रंथालयांत जातो, त्याच्यावर दडपण आणायचे कोणत्या बाजूने? ज्या माणसाला पडद्यावर येण्याची बंदी होती त्याची बालगीते त्याच वर्षांत शाळांच्या कपाटांत जाऊन बसत होती.

आता त्या दुखऱ्या विषयाकडे वळले पाहिजे, ज्याला टाळून आशची स्तुती करणे मला अप्रामाणिक वाटते. त्याने कलावंतांना पैसे फार थोडे दिले. स्वामित्वधनाचे हिशेब नियमित जात नसत. गायक अडचणीत आला की कचेरीत येई, गाऱ्हाणे सांगे, आणि आश खिशातून काही डॉलर काढून त्याच्या हातावर ठेवी. गथ्रीला त्याने अशी वरचेवर मदत केली, आणि दुसरे कोणी तेवढेही देत नव्हते, हे मान्य केले तरी हातावर ठेवलेले पैसे आणि हिशेबाने दिलेले पैसे यांत फरक आहे. पहिल्यात देणाऱ्याची मेहेरबानी असते, दुसऱ्यात घेणाऱ्याचा हक्क. अनेक कलावंत त्याच्यावर रुष्ट होते आणि त्यांच्या रोषाला आधार होता. त्याची बाजू घेणारे सांगत की सगळ्यांचे हिशेब चुकते केले असते तर पन्नास प्रती खपणाऱ्या हजार तबकड्या टिकल्याच नसत्या. असेलही, पण मग त्या हजार तबकड्यांचा खर्च अंशतः तरी गाणाऱ्यांनी उचलला, आणि तो त्यांना विचारून उचललेला नव्हता. फोकवेजच्या ताळेबंदात भांडवलदार म्हणून ज्यांची नावे यायला हवी होती त्यांत लेडबेली आणि गथ्री अग्रभागी आहेत, असे मी म्हणेन. आज जो कोणी अशी कंपनी काढू पाहील त्याने आशपासून सूची कशी राखावी ते शिकावे, कीर्द कशी लिहावी ते नव्हे.

उतारवयात आशला एकच चिंता होती: आपल्यामागे या कोशाचे काय होणार? विकत घ्यायला कोणीही येईल, परंतु निवडक पंचवीस संच ठेवून उरलेले बासनात बांधील, ही त्याची भीती होती, आणि म्हणून किमतीइतकीच त्याची एक अट होती की २,१६८ पैकी प्रत्येक तबकडी कायम उपलब्ध राहिली पाहिजे. १९८६ च्या ऑक्टोबरात तो वारला. पुढील वर्षी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने ती अट मान्य करून सारा संग्रह आपल्या ताब्यात घेतला, त्यात लोकसंगीताचा जाणकार राल्फ रिन्झलर याचा पुढाकार होता. या खरेदीसाठी पैसा उभा करण्याकरिता बॉब डिलन, ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्यासारख्या गायकांनी १९८८ साली लेडबेली आणि गथ्री यांची गाणी गाऊन एक तबकडी काढली. ती काढली कोलंबियाने. ज्या जातीच्या कंपन्यांनी त्या दोघांना हयातीत फारसे विचारले नाही, त्यांपैकीच एकीच्या विक्रीतून त्यांच्या मूळ आवाजांच्या रक्षणाला हातभार लागला.

अट पाळणे सोपे नव्हते. वर्षाला पाचसात माणसे मागतील अशी तबकडी कारखान्यातून दाबून घेणे परवडणारे नव्हते. म्हणून संस्थेने अशी व्यवस्था केली की मागणी आली की मूळ फितीवरून तेवढीच एक प्रत उतरवायची, आधी कॅसेटवर आणि पुढे कॉम्पॅक्ट डिस्कवर, पुस्तिकेची छायाप्रत जोडायची आणि टपालात टाकायची. साठा नाही, कोठार नाही, मोडीत काढण्यासारखे काही उरतच नाही. हॅरी स्मिथचा संच १९९७ साली नव्या रूपात निघाला आणि त्याचा मोठा गौरव झाला. त्याच्या पुढच्याच वर्षी, कोणी विशेष गाजावाजा न करता, बोगर्टचे बेडूकही कॉम्पॅक्ट डिस्कवर आले. त्यांच्या ओरडण्याच्या मध्ये मध्ये तोच अध्यापकी स्वर, चाळीस वर्षांपूर्वी होता तसाच, पुढच्या जातीचे नाव सांगतो आणि क्षणभर थांबतो.